लोभाची पावले

अमरावतीचे वीर वामनराव जोशी (१८८१–१९५६) हे स्वातंत्र्यसैनिक, पत्रकार आणि नाटककार होते. त्यांच्या एका गाजलेल्या संगीत नाटकाचे नाव ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ असे आहे. केशवराव भोसले यांच्या ‘ललितकलादर्श’ मंडळीने ते रंगभूमीवर आणले व त्यातील मृणालिनीची भूमिका स्वतः केशवरावांनी केली. नाटकाच्या नावातच महत्त्वाकांक्षेला राक्षसी म्हटले आहे. परंतु राक्षस ओळखू येतो, म्हणून त्याच्यापासून सावध राहता येते. ज्याला लोक घरी बोलावतात, हार घालतात, त्याच्या मनात शिरलेला लोभ कसा ओळखावा? मराठी चित्रपटाने पुढे हाच प्रश्न हाती घेतला.

आरंभी तेथेही लोभाचे रूप उघडच होते. बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकारापायी जमीन गमावलेला तरुण शेतकरी शहरात जाऊन गिरणीकामगार होतो. ही भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडाला ही कथा परकी नव्हती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला. युद्ध संपताच तो उतरला. चढत्या भावाच्या भरवशावर काढलेले कर्ज मात्र उतरले नाही. तथापि, त्या मूकपटातील सावकार पहिल्यापासूनच लोभी आहे. तो बिघडताना दिसत नाही, कारण चांगला असा तो कधी दिसतच नाही.

‘सामना’ या चित्रपटातील हिंदुराव धोंडे पाटील तसा नाही. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला व डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेला. हिंदुरावाने साखर कारखाना उभारला आहे. गावात त्याच्या शब्दाला मान आहे. निळू फुले यांनी ही भूमिका अशी केली आहे की, प्रेक्षकाला त्याचा राग येण्याआधी कौतुक वाटते. हे कौतुक फार महत्त्वाचे आहे. कारखाना सहकारी, म्हणजे सभासदांचा. पण उभारणाऱ्याच्या मनात तो केव्हा ‘माझा’ झाला, ते त्याचे त्यालाही कळले नसावे. एकदा कारखाना माझा झाला की गावही माझे होते, आणि मग विरोधात उभा राहिलेला मारुती कांबळे हा गावकरी न राहता केवळ अडथळा ठरतो. हा सैन्यातून परतलेला माणूस एके दिवशी नाहीसा होतो. साऱ्या गावाला काही ना काही ठाऊक असते, पण कोणी तोंड उघडीत नाही. भीती तर असतेच. त्याचबरोबर हिंदुरावाच्या उपकारांचे ओझेही असते.

गावात एक वृद्ध मास्तर येतो. श्रीराम लागू यांनी रंगविलेला हा एके काळचा ध्येयवादी माणूस आता दारूच्या आहारी गेलेला आहे. हिंदुराव त्याला वाड्यावर नेतो, उत्तम पाहुणचार करतो. येथे चित्रपटाची खरी परीक्षा सुरू होते, आणि ती हिंदुरावाइतकीच मास्तरचीही आहे. अन्न, निवारा, मान आणि मद्य सारे मिळत असताना यजमानाला अडचणीत आणणारा प्रश्न कोण विचारील? लोभ काही कारखान्याएवढाच मोठा असावा लागतो असे नाही. मऊ गादीचाही तो असू शकतो. मास्तर त्या गादीवर बसतो, पेलाही हाती घेतो. पण मारुती कांबळेचे नाव त्याच्या कानावर पडलेले असते, आणि त्याचे काय झाले हे तो विचारू लागतो. यजमान प्रथम हसून विषय टाळतो. पुढे तोच प्रश्न गावातल्या इतरांच्या तोंडी येतो, आणि इतकी वर्षे गप्प असलेल्या त्या गावात हिंदुरावाला कोठेच स्वस्थ बसवत नाही.