खेळाडूचे पाणी

मराठी भाषेने पाणी हे माणसाच्या कर्तृत्वाचे माप मानले आहे. प्रतिस्पर्ध्याचे आपण 'पाणी जोखतो', वेळ आली की आपले 'पाणी दाखवतो', आणि समोरच्याला चीत केले की त्याला 'पाणी पाजले' असे म्हणतो. संस्कृतातून आलेला 'जीवन' हा शब्द तर आयुष्य आणि पाणी या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. असे असूनही मैदानावर किंवा तालमीत उतरणारा आपला विद्यार्थी प्रत्यक्ष पाण्याचा विचार फारसा करीत नाही. दूध किती, बदाम किती, अंडी किती याचा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. पाणी मात्र तो तहान लागेल तेव्हा, मिळेल तेथे आणि मिळेल तेवढे पितो. खेळाडूच्या जीवनात पाण्याचे स्थान काय, ते कमी पडले तर काय होते, जास्त झाले तर काय होते आणि आपले माप आपण कसे काढावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय आपल्या भागाला परका नाही. आजच्या लातूर जिल्ह्यातील हरिश्चंद्र बिराजदार यांनी कुस्तीत 'रुस्तुम-ए-हिंद' हा किताब मिळवला. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत रौप्यपदकाचा मानकरी ठरला. कोरडवाहू मराठवाड्याच्या मातीत असे खेळाडू निपजतात. जळकोटसारख्या डोंगराळ तालुक्यातही पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी मुले-मुली, तालमीत जोर-बैठका काढणारे पैलवान आणि व्यायामशाळेत शरीर कमावणारे तरुण आहेत. या तिघांचाही पाण्याशी वेगवेगळ्या प्रकारे संबंध येतो.

घामाचे कार्य

तरुण पुरुषाच्या वजनात सुमारे ६० टक्के पाणी असते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण थोडे कमी असते. स्नायूंचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाण्याचाच असतो. व्यायाम करताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. ही उष्णता शरीरात साठून राहिली तर शरीराचे तापमान झपाट्याने वाढेल. तसे होऊ नये म्हणून निसर्गाने घामाची योजना केली आहे. एक लिटर घामाची त्वचेवर वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. माठातील पाणी ज्या कारणाने थंड होते, त्याच कारणाने धावणाऱ्याचे शरीर थंड राहते. माठ जसा पाझरतो तसे शरीरही पाझरते.

परंतु हे पाणी रक्तातूनच येते. जोराचा व्यायाम करणाऱ्याचा तासाला अर्धा ते दोन लिटर घाम जाऊ शकतो. त्याची भरपाई झाली नाही तर रक्ताचे आकारमान घटते, हृदयाला अधिक वेगाने काम करावे लागते आणि त्वचेकडे जाणारा रक्तप्रवाह कमी होऊन शरीर थंड ठेवण्याची शक्ती मंदावते. वजनाच्या सुमारे दोन टक्के पाणी कमी झाले की उन्हातील दीर्घ पल्ल्याच्या धावण्यावर स्पष्ट परिणाम दिसू लागतो. ६० किलोच्या मुलाच्या बाबतीत हे प्रमाण अवघे १२०० ग्रॅम आहे.

भरतीचे मैदान

२०१४ च्या जून महिन्यात मुंबईत पोलीस भरतीची शारीरिक चाचणी चालू असताना ५ किलोमीटर धावण्याच्या परीक्षेत काही उमेदवार कोसळले व मरण पावले. नोकरीच्या आशेने गेलेली ती तरुण मुले होती. या घटनेनंतर उन्हात धावण्याची वेळ, अंतर आणि पाण्याची सोय यांवर राज्यभर चर्चा झाली. पुढे शिपाई पदाच्या चाचणीत मुलांसाठी १६०० मीटर आणि मुलींसाठी ८०० मीटर धावणे आले.

१६०० मीटर पाच-सहा मिनिटांत संपतात. तेवढ्या वेळात पाणी पिण्याची गरजही पडत नाही. धोका असतो तो त्याआधीच्या तासांत. रात्रीचा प्रवास, अपुरी झोप, अंग जड होईल म्हणून रिकामे ठेवलेले पोट आणि रांगेतले ऊन, एवढे सोसून उमेदवार रेषेवर उभा राहतो तेव्हा त्याच्या शरीरातले पाणी आधीच उतरलेले असते. तेव्हा पाणी प्यायचे ते आदल्या दिवसापासून. चाचणीपूर्वी दोन ते चार तास आधी वजनाच्या दर किलोला ५ ते १० मिलिलिटर पाणी प्यावे. म्हणजे ६० किलोच्या मुलाने ३०० ते ६०० मिलिलिटर पाणी सावकाश घ्यावे. ऐनवेळी तांब्याभर पाणी घटाघटा पिणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणेच होय.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. भरपूर पाणी प्यायलेल्या माणसालाही उष्माघात होऊ शकतो. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. धावता धावता कोणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, त्याचे अंग तापले तर त्याला तत्काळ सावलीत घ्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात मात्र पाणी ओतू नये.

वजनकाट्याची तहान

जत्रेतल्या कुस्तीत वस्ताद नजरेने जोड लावतात. स्पर्धेतल्या कुस्तीत काटा जोड लावतो. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले ते ५७ किलो गटात. गट आले की खालच्या गटात उतरण्याचा मोह आला, आणि वजन झटपट उतरवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पाणी तोडणे.

या मार्गाचा शेवट कोठे होतो हे १९९७ साली अमेरिकेत दिसले. नोव्हेंबर व डिसेंबरमध्ये, सुमारे महिनाभराच्या अंतरात, तीन महाविद्यालयीन पैलवान वजन उतरवताना मरण पावले. गरम जागेत, घामाची वाफ बाहेर जाऊ न देणारे कपडे घालून ते व्यायाम करीत होते. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीत रबरी कपडे, वाफेच्या खोल्या आणि लघवी वाढवणारी औषधे यांवर बंदी आली. वजनगट ठरवण्यापूर्वी खेळाडूच्या शरीरात पुरेसे पाणी आहे ना, हे लघवीच्या तपासणीवरून पाहण्याची पद्धतही सुरू झाली.

२०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगटची कहाणी आपण सर्वांनी ऐकली. ५० किलो गटात अंतिम फेरी गाठल्यावर दुसऱ्या दिवशीच्या वजनात ती सुमारे १०० ग्रॅम अधिक भरली. रात्रभर घाम गाळूनही ते १०० ग्रॅम उतरले नाहीत आणि ती अपात्र ठरली. नियमाबद्दल मतभेद असू शकतात. शरीराचा नियम मात्र स्पष्ट आहे. कोरडे पडलेले शरीर मिळेल तो थेंब धरून ठेवते, आणि अखेरचे काही ग्रॅम सर्वांत महाग पडतात. म्हणून गट निवडायचा तो हंगामाच्या सुरुवातीला, आहार सांभाळून आणि महिनोन् महिन्यांच्या बेताने. आदल्या रात्री उतरवलेले वजन हे वजन नसते, ती तहान असते.

कोरडे शरीर, चुकीचा समज

शरीरसौष्ठव स्पर्धेत रंगमंचावर स्नायू उठून दिसावेत म्हणून स्पर्धेच्या आधी दोन-तीन दिवस पाणी बंद करण्याची प्रथा आहे. त्वचेखालचे पाणी गेले की स्नायू उघडे पडतील, अशी त्यामागची समजूत. पण त्वचेखालचे तेवढेच पाणी वेगळे काढण्याची सोय शरीरात नाही. पाणी रक्तातून जाते आणि स्नायूंतूनही जाते. स्नायूंत साठलेली शर्करा, म्हणजे ग्लायकोजन, दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. त्याच पाण्यामुळे स्नायू भरलेला दिसतो. पाणी तोडणारा तरुण बहुधा स्वतःचा भरीवपणाच घालवतो.

याहून भयंकर आहे ती लघवी वाढवणारी गोळी. तिने पाण्याबरोबर सोडियम व पोटॅशियमही निघून जाते, आणि पोटॅशियम घटले की हृदयाचा ठेका बिघडू शकतो. नामवंत शरीरसौष्ठवपटू मोहम्मद बेनाझिझा १९९२ साली हॉलंडमधील स्पर्धेनंतर काही तासांतच मरण पावला. तीव्र निर्जलीकरण आणि अशी औषधे यांच्याशी त्याच्या मृत्यूचा संबंध जोडला गेला. ही औषधे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत आहेत. डॉक्टरने रोगासाठी दिलेले औषध मित्राच्या सांगण्यावरून घेणे हा शुद्ध आत्मघात होय.

अतीचाही धोका

याचा अर्थ पाणी जितके जास्त तितके चांगले, असा नव्हे. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता सुमारे १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम कमी झालेले आढळले. शर्यतीत गरजेहून जास्त पाणी पिऊन ज्यांचे वजन वाढले होते, त्यांना हा धोका अधिक होता. रक्त पातळ झाले की पेशींत पाणी शिरते, मेंदूला सूज येते, डोके दुखते, उलट्या होतात आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून 'रोज आठ लिटर' यासारखी सरसकट शिफारस डोळे मिटून पाळू नये.

आपले माप

आपले माप काढायला साधा वजनकाटा पुरतो. समजा, एका मुलाचे वजन सरावापूर्वी ६० किलो भरले. तासाभराच्या सरावात तो अर्धा लिटर पाणी प्याला आणि घाम पुसून वजन केले तेव्हा ते ५९.२ किलो भरले. त्याची ८०० ग्रॅमची घट आणि प्यालेले ५०० मिलिलिटर मिळून त्याचा तासाचा घाम सुमारे १.३ लिटर झाला. उरलेल्या ८०० ग्रॅमसाठी त्याने पुढील काही तासांत एक ते सव्वा लिटर पाणी थोडे थोडे प्यावे, कारण प्यालेल्यापैकी काही भाग लघवीवाटे जातो. वजन वाढले असेल तर तो गरजेपेक्षा जास्त प्याला, असे समजावे. सकाळची लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे. ती गडद असेल तर कमी पडते आहे.

घाम खारट असतो, म्हणून दीर्घ सरावानंतर मीठही हवे. महागड्या बाटल्यांची गरज नाही. मीठ घातलेले ताक, ज्वारीची आंबील, कैरीचे पन्हे, लिंबूसरबत ही आपल्या घरातलीच पेये आहेत. १९७१ च्या बांगलादेश निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व पाणी यांच्या द्रावणाने पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, ही ती घरगुती 'जलसंजीवनी' आजही तितकीच गुणकारी आहे.

आपल्या भागाचा प्रश्न

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली, हे आपण विसरलेलो नाही. ज्या घरात घागरी मोजल्या जातात, तेथे सराव करून आलेल्या मुलाला जास्तीचे पाणी मागायला संकोच वाटतो. पण हिशेब केला तर खेळाडूला लागणारे जादा पाणी दिवसाला एक-दोन लिटर आहे, अंघोळीच्या बादलीचा एक लहानसा भाग. मुलींची अडचण आणखी वेगळी आहे. मैदानाजवळ स्वच्छतागृह नसेल तर त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. तेव्हा मैदानावर पिण्याच्या पाण्याचा रांजण, मुलींसाठी स्वच्छतागृह आणि एक वजनकाटा, एवढ्या तीन गोष्टी महाविद्यालयांनी केल्या तरी पुष्कळ काम होईल. यातले काही खर्चाचे नाही, लक्ष देण्याचे आहे.

विद्यार्थी मित्रहो, मैदानावर प्रतिस्पर्ध्याचे पाणी जोखण्याआधी आपले पाणी मोजायला शिकावे, एवढेच या निमित्ताने सुचवावेसे वाटते.