बुद्धमूर्ती आणि चित्रवाणीचा पडदा

आरशात आपण सर्वच पाहतो. परंतु आरशात दिसते ते आपलेच खरे रूप काय, असा प्रश्न फारच थोड्यांस पडतो. हा प्रश्न नव्या रीतीने विचारणारी एक कलाकृती १९७४ साली न्यूयॉर्क येथे रसिकांपुढे आली. तिचा अल्प परिचय करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तिची रचना अगदी साधी आहे. ध्यानस्थ बुद्धाची एक जुनी मूर्ती. तिच्यासमोर दूरचित्रवाणीचा एक संच. आणि मूर्तीकडे रोखलेला एक कॅमेरा. कॅमेरा जे टिपतो ते तत्क्षणीच पडद्यावर उमटते. त्यामुळे बुद्ध अखंड स्वतःच्याच प्रतिमेकडे पाहत बसलेला दिसतो. ‘टीव्ही बुद्ध’ या नावाने ती प्रसिद्ध आहे.

तिचा कर्ता नाम जून पाइक हा १९३२ साली कोरियातील सेऊल येथे जन्मला. १९५० साली युद्ध पेटले आणि त्याच्या कुटुंबास मायभूमी सोडावी लागली. पुढे तो टोकियोच्या विद्यापीठात शिकला. १९५६ साली संगीताच्या अभ्यासासाठी जर्मनीस गेला आणि १९६४ साली न्यूयॉर्कला स्थायिक झाला. २००६ साली त्याचे निधन झाले. असा मनुष्य कोणत्या देशाचा म्हणावा? मायभूमीपासून दूर पिढ्यान्‌पिढ्या राहून आपली भाषा जपणाऱ्या कुटुंबांस या प्रश्नाचे मर्म निराळे सांगावयास नको. पाइकने पूर्वेची मूर्ती टाकून दिली नाही, की पश्चिमेत भरभराटीस आलेल्या यंत्राचा धिक्कारही केला नाही. त्याने दोहोंस समोरासमोर बसविले.

१९९५ साली त्याने ‘इलेक्ट्रॉनिक सुपरहायवे’ ही प्रचंड कलाकृती रचली. रंगीत प्रकाशनळ्यांनी आखलेला हा अमेरिकेचा नकाशा वॉशिंग्टन येथील संग्रहालयात असून त्यात ३३६ संच बसविले आहेत. प्रत्येक राज्याच्या जागी निराळी चित्रे धावत असतात. कित्येक राज्यांची ओळख तर चित्रपटांतूनच करून दिली आहे. कारण न पाहिलेला प्रदेश आपण बहुधा पडद्यावरूनच ओळखतो. नकाशात वॉशिंग्टन शहराच्या जागी मात्र एक लहान कॅमेरा आहे. समोर उभा राहणारा प्रेक्षक त्यातून थेट नकाशात जाऊन पोहोचतो! दुसऱ्याचे चित्र पाहावयास आलेला मनुष्य स्वतःच चित्राचा भाग होतो.

‘टीव्ही बुद्ध’च्या काळी कॅमेरा जोडलेला पडदा सर्वसामान्यांच्या हाती नव्हता. आज तो प्रत्येकाच्या खिशात आहे. आपण स्वतःचे छायाचित्र घेतो, ते न्याहाळतो, उजळ करतो आणि लोकांस कसे वाटले याची वाट पाहत बसतो. यात आत्मदर्शन किती आणि आत्मप्रदर्शन किती, हे ज्याचे त्याने पाहावे. यंत्रास दोष देण्याचे कारण नाही. तोच पडदा दूरदेशीच्या आप्तांची भेटही घडवितो.

तथापि बुद्धमूर्तीत आणि आपणांत एक भेद आहे. पडद्यावर कोणतेही चित्र उमटो, मूर्ती आपली बैठक बदलीत नाही. संच बंद केला, तरी ती होती तशीच, होती तेथेच राहते. विद्यार्थी मित्रहो, आपल्या हातचा पडदा घटकाभर विझवून पाहावे. मागे जो उरतो, त्याची आपली ओळख आहे काय?