ठिणगीविना आग: अ‍ॅशबर्नचे जनरेटर डिझेलवरच का चालतात?

अ‍ॅशबर्नमध्ये वॅक्सपूल रोडने किंवा लाउडन काउंटी पार्कवेने गेलात तर दोन्ही बाजूंना खिडक्या नसलेल्या अवाढव्य इमारती लागतात. हीच ती ‘डेटा सेंटर अ‍ॅली’. इमारतींबद्दल बरंच बोललं जातं, मला आज त्यांच्या मागच्या अंगणाबद्दल बोलायचं आहे. तिथे कंटेनरएवढ्या पेट्या ओळीने मांडलेल्या दिसतात आणि प्रत्येक पेटीत एक डिझेल जनरेटर असतो. संपूर्ण लाउडन काउंटीत अशी इंजिनं हजारोंच्या संख्येने आहेत. वर्षातला बहुतेक वेळ ती नुसती उभी असतात.

वादळाची बातमी आली की आपण दुकानातून जो छोटा जनरेटर घरी आणतो, तो मात्र बहुधा पेट्रोलवर चालतो. इथले लोक त्याला ‘गॅस’ म्हणतात, आपण सोयीसाठी पेट्रोलच म्हणू. दोघांचं काम एकच आहे: वीज गेली की वीज द्यायची. मग इंधन वेगळं का? या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता दोन्ही इंजिनांचं जवळजवळ सगळं शास्त्र कळून जातं.

आधी दोघांत सारखं काय ते पाहू. सिलेंडर नावाची एक नळी, तिच्यात वरखाली सरकणारा पिस्टन, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला दट्ट्या, आणि पिस्टनचं वरखाली जाणं गोल फिरण्यात बदलणारा क्रँकशाफ्ट. पिस्टन खाली येतो तेव्हा आत हवा येते. वर जातो तेव्हा ती दाबली जाते. मग आत जाळ होतो आणि तापलेला वायू फुगून पिस्टनला जोराने खाली ढकलतो. चार फेऱ्यांपैकी कमाईची फेरी एवढी एकच. चौथ्या फेरीत जळका धूर बाहेर जातो. निकोलाउस ऑटोने १८७६ साली हे चार फेऱ्यांचं चक्र व्यवहारात आणलं आणि आजही तुमची कॅमरी असो की शेजारच्याचा डिझेल पिकअप, चक्र हेच आहे.

फरक आहे तो दुसऱ्या फेरीत काय दाबायचं यात. पेट्रोल इंजिन हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण दाबतं. डिझेल इंजिन फक्त हवा दाबतं. पुढचे सगळे फरक या एका निर्णयातून निघतात.

सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम झालेलं तुम्ही अनुभवलं असेल. वायू झटकन दाबला की तो तापतो. पेट्रोल इंजिनात मिश्रण साधारण ९ ते १२ पट दाबलं जातं. त्याहून फार पुढे जाता येत नाही, कारण त्या मिश्रणात जळायला तयार इंधन आधीच बसलेलं आहे. जास्त दाबलं तर ते जास्त तापेल आणि ठिणगी पडायच्या आधीच, किंवा ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच, कुठल्या तरी कोपऱ्यात आपणहून भडकेल. मग इंजिनातून ‘टकटक’ ऐकू येते. ती फार काळ चालू दिली तर पिस्टन खराब होतो.

पंपावर लिहिलेला ऑक्टेन आकडा याच गोष्टीचा. इंधन आपणहून पेट घ्यायला किती नाखूष आहे, हे तो सांगतो. जाता जाता एक शंका दूर करतो: भारतात साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं आणि अमेरिकेत ८७चं, म्हणून अमेरिकेतलं निकृष्ट, असं बऱ्याच घरांतल्या गप्पांत ऐकू येतं. तसं नाही. भारतात एकाच चाचणीचा आकडा लिहितात, इथे दोन चाचण्यांची सरासरी लिहितात. दुसरी चाचणी जास्त कडक असते, म्हणून सरासरी खाली येते. इथलं ८७ हे भारतातल्या ९१-९२ च्या आसपासचंच इंधन आहे.

आता डिझेल. इथे सिलेंडरमध्ये नुसती हवा असल्यामुळे अवेळी भडकायला आत काहीच नाही. मग दाबा हवं तितकं! साधारण १५ ते २० पट दाबल्यावर हवा ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पिस्टन अगदी वर पोचत आला की त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारतात. आधुनिक इंजिनांत त्या फवाऱ्याचा दाब वातावरणाच्या दीड-दोन हजार पट असतो. डिझेल सव्वादोनशे अंशांच्या आसपासही आपणहून पेट घेऊ शकतं. इथे तर त्याच्या दुपटीहून जास्त तापमान आहे, त्यामुळे ठिणगीची गरजच उरत नाही.

म्हणजे दोन इंधनांकडून अपेक्षा अगदी उलट आहेत. पेट्रोलने स्वतःहून पेटू नये, डिझेलने लगेच पेटावं. पेट्रोलचे रेणू आखूड आणि बरेचसे फांद्या फुटलेले असतात, ते टिकाव धरतात. डिझेलमध्ये लांब, सरळ साखळ्या जास्त, त्या उष्णतेत पटकन तुटतात आणि पेट घेतात. पेट्रोलचा जसा ऑक्टेन, तसा डिझेलच्या या उत्साहाचा आकडा म्हणजे सीटेन.

रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे या तत्त्वावरचं चालतं इंजिन दाखवलं. इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के भाग ते कामात उतरवत होतं. तेव्हाची वाफेची इंजिनं याच्या जवळपासही नव्हती. आज मोठी डिझेल इंजिनं ४० टक्क्यांच्या पुढे जातात. जितकं जास्त दाबाल तितका तापलेला वायू नंतर जास्त फुगतो आणि जास्त काम देतो, हे त्यामागचं कारण. दुसरं कारण कमी सांगितलं जातं. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचं वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास ठेवावं लागतं. त्यामुळे ताकद कमी करायची तर इंधनाबरोबर हवाही अडवावी लागते आणि अडवलेल्या नळीतून श्वास ओढण्यात इंजिनाची शक्ती जाते. डिझेल इंजिन नेहमी पोटभर हवा घेतं, ताकद कमीजास्त करायला फक्त फवारा कमीजास्त करतं.

ठिणगी लागत नाही याचा खरा अर्थ ज्यांनी गावाकडे विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. १९४६ मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि नंतरच्या काळात महाराष्ट्रातल्या कित्येक विहिरींवर ‘किर्लोस्करचं इंजिन’ हाच परवलीचा शब्द झाला. अशा इंजिनाला ना बॅटरी, ना प्लग. एक माणूस हँडल मारतो. एवढी हवा हाताने दाबणं शक्य नाही, म्हणून एक छोटा खटका व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतो आणि हवा न दाबली जाता बाहेर निसटते. जड फ्लायव्हीलने पुरेसा वेग घेतला की खटका सोडायचा. मग फ्लायव्हीलच्या जोरावर पिस्टन हवा दाबतो, हवा तापते, फवारा पडतो आणि इंजिन धडधडू लागतं. वीज नसलेल्या जागी चालू होऊ शकणारं यंत्र, आणि अ‍ॅशबर्नलाही मूळ गुण हाच हवा आहे.

धागा आणखी जवळचा आहे. १९६२ साली पुण्यातच अमेरिकेतल्या कमिन्सबरोबर किर्लोस्कर कमिन्स ही भागीदारी झाली, जी पुढे कमिन्स इंडिया झाली. मूळची इंडियाना राज्यातली कमिन्स ही डेटा सेंटरांना जनरेटर पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी एक. तिच्या क्यूएसके९५ या इंजिनात १६ सिलेंडर आहेत आणि सगळे मिळून ९५ लिटरचे. आपल्या चारचाकीचं इंजिन दोन-अडीच लिटरचं असतं, म्हणजे यातला एकेक सिलेंडर दोन-तीन गाड्यांच्या अख्ख्या इंजिनांएवढा! ३ मेगावॅटचा असा जनरेटर पूर्ण भारावर तासाला साधारण ७०० ते ८०० लिटर डिझेल पितो. त्याचा आवाजही पुण्यातल्या सोसायटीच्या जनसेटपेक्षा थोडा वरच्या पट्टीतला असतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची म्हणून इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेतं, भारतात ५० हर्ट्झसाठी १५००.

या इंजिनांवर भरवसा किती ठेवलेला असतो ते १० जुलै २०२४ ला दिसलं. उत्तर व्हर्जिनियातल्या २३० किलोव्होल्टच्या एका वाहिनीवर लाइटनिंग अरेस्टर निकामी झाला आणि ८२ सेकंदांत विजेचा दाब सहा वेळा कोसळला. मिनिटाभरात तीन झटके मोजले की ग्रिड सोडायचं, असं बऱ्याच डेटा सेंटरांच्या यंत्रणांना शिकवलेलं होतं. परिणामी सुमारे १५०० मेगावॅटचा भार जवळजवळ एकाच वेळी ग्रिडवरून उतरून स्वतःच्या बॅकअपवर गेला. कोयनेची एकूण क्षमता १९६० मेगावॅट आहे, त्यावरून अंदाज करा. घरातले दिवे फार तर लुकलुकले असतील, पण ग्रिड सांभाळणाऱ्यांना मात्र अचानक नको झालेली एवढी वीज आवरावी लागली.

अशा वेळी पहिले काही क्षण बॅटऱ्या भार उचलतात आणि साधारण दहा सेकंदांत डिझेलने तयार व्हायचं असतं. थंड लोखंड दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतं आणि मग फवारा पेटत नाही, म्हणून ही इंजिनं उभी असतानाही त्यांच्यातलं पाणी हीटरने कोमट ठेवतात. इंधनही दारातच हवं. सामान्य हवामानात डिझेलची वाफ काडीने पेटण्याइतकी नसते, त्यासाठी ते ५० अंशांच्या वर तापावं लागतं. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांनाही पेटते. हजारो लिटर साठवायचे तर कुठलं निवडाल?

पण याची किंमत हवा मोजते. फवाऱ्याच्या प्रत्येक थेंबाच्या गाभ्यात प्राणवायू अपुरा पडतो, तिथे काजळी तयार होते. बाहेरच्या कडेला उलट प्राणवायू मुबलक आणि तापमान प्रचंड, तिथे हवेतला नायट्रोजन जळून नायट्रोजनची ऑक्साइडं बनतात. पेट्रोल गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यांचा चोख बंदोबस्त करतो, पण धुरात शिल्लक प्राणवायू नसेल तरच. डिझेलच्या धुरात तो भरपूर असतो. म्हणून नव्या ट्रकांना काजळीची गाळणी आणि युरियाचं द्रावण लागतं, जे इथे पंपावर ‘डीईएफ’ नावाने मिळतं. आणीबाणीसाठीच्या जनरेटरांना मात्र केंद्रीय नियमांनी ही उपकरणं सक्तीची केलेली नाहीत, कारण ते क्वचितच चालतील असं गृहीत धरलं आहे. चाचणी आणि देखभालीसाठी वर्षाला १०० तासांची मर्यादा आहे. खऱ्या आणीबाणीला मर्यादा नाही.

मग ‘आणीबाणी’ कशाला म्हणायचं, हाच वादाचा मुद्दा होतो. २०२३ च्या सुरुवातीला व्हर्जिनियाच्या पर्यावरण विभागाने ग्रिडवर ताण असलेल्या काळात डेटा सेंटरांना हे जनरेटर चालवू देण्याची तात्पुरती सवलत सुचवली होती. लोकांच्या हरकती आल्या आणि प्रस्ताव बारगळला. माझ्या मते हरकती रास्त होत्या, आणि कारण रसायनशास्त्रातलं आहे. ग्रिडवर ताण येतो तो बहुधा कडक उन्हाच्या दुपारी आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून जमिनीलगतचा ओझोन बनायलाही नेमकं तेच ऊन लागतं. महिन्यातून एकदा अर्धा तास एकेका जनरेटरची चाचणी घेणं वेगळं आणि जुलैच्या दुपारी शेकडो एकत्र चालवणं वेगळं.

घरच्या पेट्रोल जनरेटरचा धोका मात्र निराळा, आणि घरच्यांसाठी जास्त गंभीर. छोट्या पेट्रोल इंजिनात हवा अनेकदा गरजेपेक्षा कमीच असते, अर्धवट जळण होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. असा जनरेटर गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवूनसुद्धा, चालवायचा नाही. घरापासून २० फूट तरी दूर, धुराचं तोंड दारा-खिडक्यांपासून उलट दिशेला.

डब्ल्यू अँड ओडी ट्रेलवरून फिरताना डेटा सेंटरमागे एखादा जनरेटर चालू होताना दिसला तर धुराच्या रंगाकडे बघा. पांढरा म्हणजे सिलेंडर अजून थंड आहे, डिझेल न जळता वाफ होऊन बाहेर पडतंय. भार पडताच काळा झोत आला तर फवारा वाढला, पण टर्बोने अजून पुरेशी हवा दिलेली नाही. निळसर दिसला तर वंगणाचं तेल जळतंय. आणि काही सेकंदांत धूर दिसेनासा झाला, तर हवा पुरेशी तापली आणि फवारा नीट पेटू लागला.