बंद दाराची पारख

संगणकावरील फाईलींच्या देवघेवीचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात एक जण देणारा आणि बाकीचे सारे घेणारे असतात. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक जण घेता घेता देतही असतो. ब्रॅम कोहेन याने २००१ साली पुढे आणलेली बिटटोरंट ही पद्धत या दुसऱ्या प्रकारातली. तीत फाईलीचे लहान लहान तुकडे पाडतात आणि ज्याच्या हाती जो तुकडा येईल तो त्याने इतरांस द्यावयाचा असतो. यासाठी दोघांपैकी एकाने दुसऱ्याच्या दारी जावे लागते. जोडणी एकदा झाली, की ती कोणी सुरू केली याला महत्त्व उरत नाही, तुकडे दोन्ही दिशांनी जातात. मात्र ज्याच्याकडे जावयाचे त्याचे दार उघडे हवे. ते उघडे आहे की बंद, हे ओळखावे कसे, एवढ्याच प्रश्नाचा विचार मी प्रस्तुत लेखात करणार आहे.

प्रथम दार बंद का असते ते पाहू. अनेक बिऱ्हाडांचा एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणावा. बाहेरच्यांना फक्त वाड्याचा पत्ता ठाऊक आहे. आतल्या बिऱ्हाडकरूने पत्र धाडले, तर देवडीवरचा पहारेकरी ते ध्यानात ठेवतो आणि आलेले उत्तर त्याला नेमके पोचवितो. परंतु कोणी अनोळखी माणूस आपणहून आला, तर त्याला कोणत्या बिऱ्हाडी धाडावे हे पहारेकऱ्यास कळत नाही आणि तो त्याला परत लावतो. घरातला राऊटर हेच काम करतो. त्याच्या आत संगणकाची स्वतःची फायरवॉल असते. बाहेर कधीकधी इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीचा आणखी एक पहारा असतो. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. त्यामुळे एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देण्याची पाळी आली.

खरी अडचण अशी, की बंद दाराच्या आतल्या माणसाला काही खटकत नाही. तो स्वतः बाहेर जाऊ शकतो, त्याच्या फाईली उतरतात, त्यामुळे सर्व ठीक आहे असेच त्याला वाटते. आपले दार बाहेरून उघडते का, हे आतून कळत नाही. त्यासाठी बाहेरच्या कोणीतरी दार ठोठावून पाहावे लागते.

ईम्यूल या कार्यक्रमात ही परीक्षा आपोआप होते. आपण सर्व्हरशी जोडले गेलो, की सर्व्हर उलट आपल्या पोर्टवर येऊन पाहतो. दार उघडले तर ‘हाय आयडी’ मिळतो, नाहीतर ‘लो आयडी’, म्हणजे १,६७,७७,२१६ पेक्षा लहान क्रमांक. ट्रान्समिशन या कार्यक्रमात पोर्ट तपासण्याची सोय आहे, तीही बाहेरच्या संगणकाकरवीच चालते. तपासणीच्या वेळी कार्यक्रम चालू असावा, नाहीतर ऐकायला आत कोणी नसतेच.

उत्तर कसे आले तेही पाहावे. ताबडतोब नकार आला, तर बहुधा हाक संगणकापर्यंत पोचली, परंतु त्या पोर्टवर कोणी ऐकत नव्हते. नुसतेच मौन असेल, तर वाटेत एखादी फायरवॉल हाक गिळत आहे असे समजावे.

दुसरी खूण आलेल्या पाहुण्यांची. क्यूबिटटोरंटमध्ये बाहेरून आपणहून आलेल्या जोडणीपुढे ‘आय’ हे अक्षर दिसते. पुष्कळ गर्दीच्या टोरंटवर तासन्‌तास असा एकही पाहुणा आला नाही, तर दाराविषयी शंका घ्यावी. टोरंटवर दोघेतिघेच असतील, तर यावरून काहीच सिद्ध होत नाही.

तिसरी खूण पत्त्याची. राऊटरला मिळालेला बाहेरचा पत्ता आणि जगाला दिसणारा पत्ता वेगळे असले, तर पलीकडे आणखी एक पहारा आहे. १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवले गेले. अशा वेळी राऊटरमध्ये पोर्ट उघडून उपयोग नाही, कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा किंवा आयपीव्ही६ चा मार्ग धरावा.

कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना या उठाठेवीचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. आमच्या वर्गातील काही जणांनी आपापल्या गावच्या आज्यांकडून, त्यांच्या संमतीने, जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि टोरंटने एकमेकांस द्यावयाचे ठरविले. दोन दिवस आकडा शून्यावरून हलेना. बिघाड कोणाच्याच संगणकात नव्हता. देणारी मुलगी बंद दारामागे होती आणि घेणारेही सारे बंद दारामागेच होते. अशा दोघांची थेट गाठ सहसा पडत नाही. वरील खुणांनी प्रत्येकाची तपासणी केली, तेव्हा एका मित्राच्या घरचे दार उघडता येण्याजोगे निघाले. त्याने राऊटरमध्ये पोर्ट मोकळे केले. मग देणारी त्याच्याकडे गेली, घेणारेही त्याच्याकडेच गेले आणि त्या रात्री ओव्या सर्वांच्या हाती पडल्या.

यावरून मला वाटते, की सर्वांचीच दारे उघडी असण्याची गरज नाही. समूहात एक दार उघडे असले तरी पुष्कळांचे काम भागते, परंतु ते कोणाचे आहे हे माहीत असले पाहिजे. आपल्या ग्रंथालयातील एक संगणक, योग्य ती सुरक्षितता राखून, अशा कामासाठी ठेवता येईल का, याचा विचार प्राध्यापकांनी करावा, एवढी विनंती करून मी थांबतो.