बोटीच्या तळाची जाळी

बोटीला इंजिन असते हे सर्वांना माहीत आहे. पण त्या इंजिनाला पाणीही लागते, हे वर्गात विचारले तेव्हा पुष्कळ मुलांना सांगता आले नाही. सगळे म्हणाले, "डिझेल लागतं." डिझेल तर लागतंच. पण डिझेल जळले की इंजिन तापते. मोटारीला पुढे रेडिएटर असतो, त्याला वारा लागतो. बोटीच्या सभोवार समुद्रच आहे. म्हणून तळाला एक भोक ठेवतात. त्यातून पंप समुद्राचे पाणी ओढतो, ते पाणी इंजिनाची उष्णता घेते आणि बाहेर पडते. बोटीच्या कडेने धार पडताना दिसते ना, ती हीच.

पाण्याबरोबर शेवाळ, वाळू, जेलीफिश आणि आपण टाकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्याही आत येऊ पाहतात. त्यांना अडवायला भोकाच्या तोंडावर बाहेरून जाळी बसवतात. आतल्या बाजूला कॉक असतो, आणि कॉकच्या पुढे बारीक जाळीचा एक डबा. बाहेरची जाळी मोठा कचरा अडवते, डबा बारीक कचरा.

जाळी बुजली तर काय होते? पंपात रबराचा पंखा असतो. तो कोरडा फिरला तर काही मिनिटांतच त्याची पाती तुटतात. मग धार बंद आणि इंजिन तापून बंद. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आमच्या बोटीच्या जाळीवर पिशवी चिकटली होती. वारा खडकांच्या बाजूला होता. नांगर टाकला म्हणून बोट राहिली. दुसऱ्या बोटीने दोरी बांधून ओढून आणली. आई रात्री दहा वाजेपर्यंत किनाऱ्यावर उभी होती. आजोबा म्हणतात, "धार बंद झाली तर आधी इंजान बंद कर, मगे इचार."

आता जाळी कशी निवडावी ते सांगतो. नुसती चकचकीत बघून घेऊ नये, भोके मोजावीत. समजा आतला पाइप ४० मिलिमीटर रुंद आहे आणि जाळीचे प्रत्येक भोक ४ मिलिमीटरचे आहे. मला वाटले १० भोके पुरतील, कारण ४ दाहे ४०. पण गुरुजींनी ४० मिलिमीटर बाजूचा चौकोन काढून त्यात ४ मिलिमीटरचे चौकोन पाडायला सांगितले. ते १०० झाले! गोल भोकांचाही हिशोब तसाच येतो. म्हणजे १०० भोके असली तर पाइपाएवढीच वाट होते. त्यातली निम्मी बुजली तर इंजिन अर्धे उपाशी. म्हणून २०० भोकांची जाळी बरी. घरी चहाच्या गाळणीत पाला टाकून पाणी ओता, लगेच समजेल.

जाळी ब्राँझची चांगली. ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबे आणि कथील. साध्या पितळेत जस्त असते, ते खारे पाणी हळूहळू काढून नेते. मग पितळ वरून तसेच दिसते पण ठिसूळ होते. लोखंडाचे तर बोलायलाच नको. जाळीची जागाही खोल हवी, नाहीतर लाटेत बोट कलली की पंप पाण्याऐवजी हवा ओढतो.

आतला डबा साफ करताना इंजिन बंद करून आधी कॉक बंद करावा. नाहीतर झाकण उघडताच समुद्र बोटीत! कॉक अधूनमधून फिरवावा, म्हणजे गंजून अडकत नाही.

बाहेरची जाळी मात्र समुद्रात साफ करणे कठीण. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, तेव्हा बोटी वर काढतात. त्या वेळी जाळीवर पांढरी टोकदार कवचे घट्ट बसलेली दिसतात. ती शिंपल्यासारखी दिसतात, पण आतला प्राणी खेकड्याच्या कुळातला असतो, हे ऐकून मला फार नवल वाटले. ती खरवडून काढायची आणि तारेने एकेक भोक मोकळे करायचे. जाळी काढता येत असेल तर काढून पाइपही आतून बघावा, कारण कवचे आतसुद्धा वाढतात. तळाला रंग लावताना तो भोकांत साचू देऊ नये. हे काम माझे असते, कारण माझी बोटे बारीक आहेत.

ज्या पालकांच्या बोटी आता वर काढलेल्या आहेत, त्यांनी आपल्या जाळीची भोके मोजून आकडा मला सांगावा. मी इथे खाली खडूने लिहून ठेवीन.

– इयत्ता ४ थी