‘ताप’ हा रकाना

दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत करवीर इलाख्यांतील माणसें कशानें मरत, असें विचारलें असतां बहुधा प्लेग किंवा पटकी हेंच उत्तर मिळतें. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. प्लेग १८९६ सालीं मुंबईंत उतरला आणि पुढें ह्या प्रांतीं पसरला. उंदीर पडूं लागले कीं गांव उठून माळावर झोपड्यांत जाई. हा शहाणपणाच होता, कारण उंदरांवरील पिसवाच रोग माणसास देतात.

परंतु त्या काळचे ब्रिटिश मुलुखांतील मृत्यूचे तक्ते पाहावे. पटकी, देवी, प्लेग, हगवण अशा रकान्यांबरोबर ‘ताप’ हा एक रकाना असे, आणि देशभरांत सर्वांत अधिक मरणें त्यांतच भरत. नोंद करणारा वैद्य नव्हे, तर गांवकामगार. हिंवताप, विषमज्वर, क्षय, बाळंतज्वर, सारे त्या एकाच शब्दाखालीं जात. वस्तुतः ताप हें रोगाचें नांव नव्हे, लक्षण होय. डॉ. विल्यम वानलेस ह्यांनीं १८९४ सालीं जेथें रुग्णालय उघडलें, त्या मिरजेजवळ वानलेसवाडीस क्षयरोग्यांकरितां निराळें आरोग्यधाम उभारावें लागलें, ह्यावरून त्या रकान्यांत काय दडलें होतें ह्याची कल्पना येते.

अर्भकांचें मरण तर पुष्कळदां नोंदींत येतच नसे. नाळ विळ्यानें कापावी, तीस राख किंवा शेण लावावें; आणि थोड्याच दिवसांत मूल अंगावर पिईनासें झालें, आंचके देऊं लागलें, कीं सटवीनें नेलें म्हणावें. तो धनुर्वात होय. त्याचे जंतु मातींत व जनावरांच्या शेणांत असतात, आणि जन्मानंतर बहुधा तीन ते चौदा दिवसांत रोग दिसूं लागतो. पांचवी-सहावीची भीति त्याच दिवसांची. आमच्या मतें जुन्या बायांनीं दिवस अचूक ओळखिले होते. आळ मात्र भलतीवर घेतला. शिवाय त्यामुळें विळ्याकडे कोणी पाहिलेंच नाहीं.

गरोदर स्त्रीस लस व बाळंतपणांत निर्जंतुक पातें, एवढ्यानें हा रोग हटला. २०१५ सालीं भारतांतून त्याचें निर्मूलन झाल्याचें ठरलें. अर्थात् प्रत्येक जिल्ह्यांत हजार जिवंत जन्मांमागें एकाहून कमी अर्भकांस तो होतो, इतकेंच. जंतु मातींत आहेतच.