अडलेल्या यंत्राची हाक

यंत्र म्हटले की त्यात केव्हा ना केव्हा बिघाड व्हायचाच. घड्याळाची किल्ली संपते, सायकलची साखळी उतरते, विजेच्या दिव्यातील तार जळून जाते. त्यात नवल करण्यासारखे काही नाही. बिघाड कळला की तो दुरुस्त करता येतो. परंतु यंत्र बंद पडले आहे हेच कोणाला कळले नाही, तर अगदी क्षुल्लक बिघाडही अनेकांचा वेळ वाया घालवतो. अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत छपाईच्या यंत्राच्या बाबतीत हाच प्रश्न उभा राहिला, आणि त्यातून पुढे एक मोठी चळवळ जन्मास आली.

बोस्टन शहराजवळील केंब्रिज येथे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही प्रसिद्ध विद्यासंस्था आहे. १९७० नंतरच्या दशकात तेथील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन हा तरुण संगणकासाठी आज्ञावली लिहिण्याचे काम करीत असे. आज्ञावली म्हणजे संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे हे सांगणारा लेख. त्या काळी संगणक फार महाग असत, म्हणून एकाच संगणकावर अनेक जण काम करीत. छपाईचे यंत्र, म्हणजे प्रिंटर, हेही सर्वांचे सामाईक असे.

आपल्या मेजाशी बसून छपाईची आज्ञा द्यावी आणि थोड्या वेळाने प्रिंटरजवळ जाऊन कागद घेऊन यावेत, असा तेथील परिपाठ होता. पण पुष्कळदा मध्येच एखादा कागद यंत्रात अडकून बसे. मग मागच्या सर्वांचे काम खोळंबे. वाट पाहणाऱ्याला वाटे, आपली पाळी अजून आली नसेल. आणि तिकडे यंत्र केव्हाचे थांबलेले असे!

स्टॉलमनने यावर एक साधा उपाय शोधून काढला. कागद अडकूच नये असे यंत्र बनवणे त्याच्या हाती नव्हते. पण प्रिंटरची आज्ञावली प्रयोगशाळेजवळ होती. तीत त्याने भर घातली. कोणाचे काम छापून झाले की त्याला तसा निरोप जाई; आणि यंत्र अडले, की ज्यांची कामे रांगेत असत त्या सर्वांना संगणकाच्या पडद्यावर तशी सूचना मिळे. सूचना सगळ्या गावाला नव्हती. ज्यांचे काम अडले होते त्यांनाच होती. ‘ज्याचे जळते त्याला कळते’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याला कागदांची निकड असे, तो सूचना मिळताच उठे आणि अडकलेला कागद काढून टाकी. यंत्र पूर्वीइतकेच बिघडत होते. पण आता त्याची हाक योग्य कानांवर पडत होती.

पुढे, १९८० च्या सुमारास, झेरॉक्स कंपनीचा नवा लेसर प्रिंटर प्रयोगशाळेत आला. याच कंपनीचे नाव आज महाराष्ट्रातील दुकानांच्या पाट्यांवर ‘कागदाची नक्कल’ या अर्थाने लिहिलेले दिसते. नवे यंत्र वेगवान होते आणि त्याची छपाई सुबक होती. मात्र मुळात ते नकला काढणाऱ्या यंत्रावरून घडवलेले होते. नकला काढणाऱ्या यंत्राजवळ माणूस उभा असतो. कागद अडकला तर तो लगेच काढतो. हा प्रिंटर मात्र बहुतेकांच्या बसण्याच्या जागेपासून वेगळ्या मजल्यावर होता. कागद अडकला तरी पाहणारे कोणी नसे.

जुनाच उपाय येथेही योजावा, असे स्टॉलमनच्या मनात आले. पण या वेळी वाट बंद होती. नव्या यंत्राबरोबर आलेली आज्ञावली केवळ यंत्रालाच उमजेल अशा अंकांच्या रूपात होती. माणसाला वाचता येईल आणि बदलता येईल असा तिचा मूळ लेख कंपनीने दिलेला नव्हता. अडचण ठाऊक होती, उपायही ठाऊक होता. पण तो अमलात आणण्याचे साधन हाती नव्हते.

तो मूळ लेख पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका संशोधकाजवळ आहे, असे स्टॉलमनला समजले. पुढे काही कामानिमित्त तो त्या विद्यापीठात गेला असता त्याने त्या संशोधकाची भेट घेतली आणि लेखाची एक प्रत मागितली. संशोधकाने नकार दिला. तो लेख कोणालाही देणार नाही, असे वचन त्याने आधीच देऊन ठेवले होते. स्टॉलमन काही न बोलता परत फिरला.

ही घटना त्याच्या मनाला फार लागली. त्या संशोधकाने एकट्या स्टॉलमनला नव्हे, तर न भेटलेल्या असंख्य माणसांनाही आधीच नकार देऊन ठेवला होता, असा विचार त्याच्या मनात घोळू लागला. शेजाऱ्याला मदत करणे हा जर सद्गुण आहे, तर मदत न करण्याचे वचन देणे योग्य कसे ठरेल? सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने ‘ग्नू’ नावाची योजना जाहीर केली. कोणीही वापरावी, अभ्यासावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी, अशी आज्ञावली तयार करणे हा तिचा हेतू होता. १९८५ साली या कार्यासाठी ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ ही संस्था स्थापन झाली. सर्वच लोकांना हे मत पटले असे नाही. आज्ञावली लिहिण्यास श्रम आणि पैसा लागतो, म्हणून तिच्यावर निर्मात्याचा ताबा असावा, असे मानणारेही पुष्कळ आहेत. तथापि या चळवळीतून निर्माण झालेल्या आज्ञावली आज जगभरच्या संगणकांवर चालतात.

दरम्यान, प्रिंटरला बोलते करण्याचे कार्य दुसऱ्या मार्गानेही पुढे जात होते. कार्यालयांत निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे तारांच्या जाळ्याने एकमेकांना जोडली जाऊ लागली होती. प्रत्येक यंत्राची भाषा निराळी असेल, तर सर्वांची देखरेख एका ठिकाणाहून कशी करावी? म्हणून १९८८ साली एस्. एन्. एम्. पी. या नावाची सामाईक पद्धत ठरवण्यात आली. प्रिंटरने आपल्या स्थितीविषयी काय काय सांगावे याची सर्वमान्य सूची १९९५ साली प्रसिद्ध झाली. खणात कागद किती आहे, शाईची पूड म्हणजे टोनर किती उरला आहे, झाकण उघडे आहे काय, कागद अडकला आहे काय, हे सर्व या सूचीत येते. टोनर थोडा आहे, पण नेमका किती हे मोजता येत नसेल, तर तसे सांगण्यासाठीही एक खूण ठरवलेली आहे.

ही देखरेख दोन प्रकारे चालते. पहिल्या प्रकारात देखरेख करणारा संगणक ठराविक वेळाने प्रिंटरला विचारतो, ‘तुझे काय चालले आहे?’ दुसऱ्या प्रकारात अडचण येताच प्रिंटर स्वतः होऊन निरोप धाडतो. दुसरा प्रकार जलद खरा. परंतु या पद्धतीच्या मूळ स्वरूपात अशा निरोपाला पोचपावती नसते. निरोप वाटेतच हरवला तर प्रिंटरला ते समजत नाही. शिवाय वीजच गेली, तर बिचारा प्रिंटर निरोप तरी कसा धाडणार? म्हणून जाणते लोक दोन्ही प्रकार योजतात. हाक आली नाही, याचा अर्थ सर्व ठीक आहे असा होत नाही. विचारूनही उत्तर आले नाही, तर ते मौन हीच धोक्याची खूण समजतात.

सूचना कोणाला, केव्हा आणि किती द्यावी, हेही आधी ठरवावे लागते. छपाई थांबवणारी अडचण आणि नुसता इशारा यांत भेद केला पाहिजे. कागद अडकला, तर जवळच्या माणसाला तत्काळ कळावे. टोनर संपत आला, तर सामान मागवणाऱ्याला काही दिवस आधी कळावे. नाही तर तहान लागल्यावर विहीर खणण्याचा प्रसंग येतो. उलट, लहानसहान गोष्टींसाठी सर्वांना दिवसभर निरोप जाऊ लागले, तर ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीप्रमाणे खऱ्या संकटाच्या हाकेकडेही कोणी लक्ष देत नाही. सारी व्यवस्था लावून झाली, की कागदाचा खण मुद्दाम रिकामा करून सूचना योग्य ठिकाणी पोचते की नाही, याची परीक्षा घेणे शहाणपणाचे असते.

प्रिंटर ही कार्यालयाच्या कोपऱ्यातील एक सामान्य वस्तू आहे. तरी तिने एक मोलाची गोष्ट शिकवली. अडचण कोणालाही येते. ती वेळेवर सांगता येणे, सांगितलेली योग्य माणसाच्या कानी पडणे आणि ती दूर करण्याचे ज्ञान त्याच्या हाती असणे, या तीन गोष्टी जमल्या की अडलेले काम पुन्हा सुरू होते. यांतील एक जरी नसली, तर एवढासा कागदाचा तुकडाही सर्वांना थांबवून ठेवतो.

स्वाध्याय

१. जुन्या प्रिंटरच्या आज्ञावलीत स्टॉलमनने कोणती भर घातली?
२. नव्या प्रिंटरच्या बाबतीत तोच उपाय का करता आला नाही?
३. ‘हाक आली नाही, याचा अर्थ सर्व ठीक आहे असा होत नाही.’ या वाक्याचा अर्थ उदाहरण देऊन स्पष्ट करा.
४. वचन पाळणारा संशोधक आणि मदत मागणारा स्टॉलमन यांपैकी कोणाची बाजू तुम्हांला पटते? कारणे देऊन आठ-दहा ओळी लिहा.